लहान धरणाखालची माणसे

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि त्याच्या पायथ्याशी वसलेली भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. धरण लघु पाटबंधारे योजनेतले होते. त्याचा साठा वीस लक्ष घनमीटरांच्या आसपास, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या हजाराव्या हिश्शाइतकाही नव्हता. पण ज्यांच्या घरावरून ते पाणी गेले त्यांना हा हिशेब सांगून काय उपयोग? बुडणाऱ्या माणसाला धरण लघु आहे की बृहत्, याचा फरक पडत नसतो.

त्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी धरणाला खेकड्यांनी भगदाड पाडल्याचे सांगितले. महाराष्ट्रभर त्या विधानाची चेष्टा झाली, लोक खेकडे घेऊन निदर्शनास गेले, वृत्तपत्रांतून व्यंगचित्रे आली आणि हळूहळू विषय मागे पडला. आमच्या मते त्या चेष्टेत मूळ प्रश्न हरवला. खेकडे, घुशी, साळिंदरे मातीच्या बांधात बिळे करतात आणि त्या बिळांतून पाण्याला वाट मिळते, ही गोष्ट स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांतही आहे आणि खाचराचा बांध राखणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणूनच तर बांधाची देखरेख करावयाची असते. बीळ खेकड्याने केले असे क्षणभर मान्य केले, तरी ते वेळीच पाहण्याचे काम कोणाचे होते? गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, हे त्याच वेळी प्रसिद्ध झाले होते. मग प्रश्न खेकड्यांचा राहत नाही, कारभाराचा होतो.

या कारभाराच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. धरण लहान म्हणजे त्याचा धोकाही लहान, अशी ती समजूत. पाटबंधारे खात्याच्या वर्गवारीत, अंदाजपत्रकात, कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांत आणि अखेरीस कायद्यातही ती मुरलेली आहे. आज तिच्याविषयीच लिहावयाचे आहे.

प्रथम मातीचे धरण कशाने मरते ते पाहू. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाच्या माथ्यावरून थोडे पाणी गेले तरी ते तग धरू शकते. मातीच्या धरणाला ती मुभा नसते. सांडवा अपुरा असला, गाळाने वा झुडपांनी अडला, आणि पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले, तर खालच्या उतारावरची माती काही तासांत धुपून जाते. हा पहिला प्रकार. दुसरा अधिक कपटी आहे. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी झिरपतेच. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल आणि दरसाल सारखेच असेल, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. पण ते गढूळ झाले की समजावे, पाणी आपल्याबरोबर बांधाची माती नेत आहे. आत नळीसारखी पोकळी होते, ती वरच्या बाजूस सरकत जाते, आणि एके दिवशी माथा खचतो. विमोचकाच्या नळाभोवतीची माती नीट धुमस केलेली नसेल, बांधावर बाभळी वाढून त्यांची मुळे कुजली असतील, तर या पोकळीला तयार रस्ता मिळतो. तिवऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे हे सारे एका पावसाळ्यात उरकू शकते.

म्हणजे धरणाच्या सुरक्षिततेविषयी दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. धरणाची प्रकृती कशी आहे, हा पहिला. ते फुटले तर कोणाचे काय होईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बांध पाहून मिळते. महाराष्ट्रात नाशिकची धरण सुरक्षितता संघटना दोषांच्या गांभीर्यानुसार धरणांची प्रतवारी करीत आली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बांधाकडे पाठ करून, खाली नदीच्या दिशेने पाहिल्याखेरीज मिळत नाही. तेथे किती घरे आहेत, शाळा कोठे आहे, रात्री तेथे किती माणसे निजतात, पाणी किती मिनिटांत पोहोचेल, पळण्यास उंचवटा कोठे आहे? या दुसऱ्या मोजमापाला धोका-वर्गीकरण म्हणतात. धरणाचा धोकावर्ग उच्च आहे याचा अर्थ ते धरण वाईट आहे असा नव्हे. ते उत्तम स्थितीत असूनही, त्याखाली माणसे राहतात एवढ्याच कारणासाठी, उच्च धोक्याचे ठरते. ही दोन मापे एकत्र वाचली म्हणजे कोणत्या बांधाकडे आधी धावावयाचे ते कळते.

आपल्याकडे मात्र दीर्घकाळ मोजपट्टी धरणाच्या आकाराचीच राहिली. सांडवा किती मोठ्या पुरासाठी बांधावा हे ठरविणारे भारतीय मानक १९८५ सालचे आहे. त्यानुसार ज्या धरणाचा साठा पाच लक्ष ते एक कोटी घनमीटर आणि पाण्याची दाबउंची साडेसात ते बारा मीटर, ते लहान. त्याला शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची कसोटी पुरे. मधल्या आणि मोठ्या धरणांना याहून कितीतरी कठोर कसोट्या आहेत. धोका विशेष असेल तर अधिक मोठा पूर धरावा, अशी सवलतवजा सूचना त्याच मानकात आहे. परंतु खालच्या वस्तीची मोजदादच झाली नसेल, तर धोका विशेष आहे हे ठरविणार कोण आणि कशाच्या आधारे?

शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय, हेही कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. हा पूर शंभर वर्षे येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे, एवढाच अर्थ आहे. धरणाचे आयुष्य पन्नास वर्षे धरले तर त्या काळात असा किंवा याहून मोठा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा ३९ च्या वर जाते. ओसाड माळाखाली असलेल्या तलावासाठी ही जोखीम कदाचित परवडेल. वाडीच्या डोक्यावरील तलावासाठी ती परवडते, असे म्हणण्याचा अधिकार वाडीतील माणसांखेरीज कोणाला आहे?

आकाराची ही पट्टी किती फसवी आहे याचा पुरावा अमेरिकेतल्या एका घटनेत मिळतो. जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथे केली बार्न्स नावाचे एक जुने मातीचे धरण होते. उंची सुमारे साडेअकरा मीटर, लांबी सव्वाशे मीटरांच्या आत, फुटताना साठा आठ लक्ष घनमीटरांहून कमी. पूर्वी त्यावर वीज निर्माण होत असे; पुढे तो उपयोग संपला आणि धरण नुसते उभे राहिले. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर पावसात ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारातील ३९ माणसे मेली. त्या देशात धरणतपासणीचा कायदा १९७२ पासून होता. त्याच वर्षी बफलो क्रीक खोऱ्यात खाणीच्या गाळाचे बांध फुटून १२५ माणसे गेल्यानंतर तो झाला होता. पण तपासणीसाठी पुरेसा पैसा मात्र मिळाला नव्हता. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी उच्च धोक्याच्या खाजगी व इतर धरणांची तपासणी सुरू करविली. त्या देशातील वर्गीकरणाचा गाभा साधा आहे: धरण फुटल्यास एका माणसाचाही जीव जाण्याचा संभव असेल तर ते उच्च धोक्याचे धरण, मग त्याची उंची काहीही असो. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही एवढे तत्त्व मान्य करावे लागले. मात्र ते अमलात येण्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

आता आपला कायदा पाहू. धरण सुरक्षा विधेयक लोकसभेने २ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे तिवऱ्यानंतर बरोबर एका महिन्याने मंजूर केले. राज्यसभेची मंजुरी मिळण्यास २ डिसेंबर २०२१ उजाडला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून कायदा अमलात आला. त्यात चांगल्या गोष्टी आहेत, हे मान्य केले पाहिजे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून मूल्यमापन, आपत्कालीन कृती आराखडा आणि धोक्यानुसार धरणांचे वर्गीकरण, ही सर्व बंधने त्याने धरणाच्या मालकावर व राज्यांच्या यंत्रणांवर घातली आहेत. त्याआधी २०२० साली केंद्रीय जल आयोगाने धोका-वर्गीकरणाची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली होती.

परंतु हा कायदा लागू कोणाला? ज्या धरणाची उंची पंधरा मीटरांपेक्षा अधिक, त्याला. उंची दहा ते पंधरा मीटर असेल तर माथ्याची लांबी निदान पाचशे मीटर, किंवा साठा निदान दहा लक्ष घनमीटर, किंवा पूरविसर्ग सेकंदाला निदान दोन हजार घनमीटर असला पाहिजे. नाहीतर पाया विशेष अडचणीचा किंवा रचना असाधारण असली पाहिजे. दहा मीटरांखालील धरण या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. टोकोआचे धरण या कसोट्यांवर ठेवून पाहा. उंची साडेअकरा मीटर, पण लांबी अपुरी, साठा अपुरा, पूरविसर्गही अपुरा. एकोणचाळीस माणसे मारणारे ते धरण आकाराच्या एकाही कसोटीवर आमच्या कायद्याच्या कक्षेत येत नाही! वर्गीकरण धोक्यानुसार करावयाचे, पण वर्गीकरणासाठी कोणती धरणे घ्यावयाची ते आकारानुसार ठरवावयाचे, असा हा उफराटा न्याय आहे. नऊ मीटर उंचीच्या आणि तीन लक्ष घनमीटर साठ्याच्या तलावात तीन लक्ष टन पाणी असते. ते अर्ध्या तासात रिकामे झाले तर सेकंदाला सरासरी दीडशे घनमीटरांहून अधिक पाणी ओढ्यात उतरते. ओढ्याकाठच्या वस्तीला तेवढे पुरते.

कायद्यात आणखी एक उणीव आहे. कसुरीमुळे जीवितहानी झाली तर कैदेची तरतूद आहे. पण ज्यांचे घरदार गेले त्यांना नुकसानभरपाईचा हक्क देणारे कलम नाही. अनुग्रह म्हणून सरकार जे देईल ते घ्यावे, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. हक्क आणि अनुग्रह यांतील अंतर आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्व धरणांत मोठी धरणे देशात सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. आणि मोठ्या धरणांच्या यादीत न येणारे पाझर तलाव, गावतलाव, लघु पाटबंधारे तलाव तर जिल्ह्याजिल्ह्यात विखुरलेले आहेत. यांतील कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेच्या कामांतून उभे राहिले. त्या बांधांची माती मजुरांनी, विशेषतः मजूर स्त्रियांनी, डोक्यावरून वाहिली. ही कामे निघावीत म्हणून मोर्चे काढणाऱ्यांत आपल्या चळवळी होत्या, आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच ते काम होते. पण येथे थोडे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. काम मिळावे म्हणून आपण लढलो, मजुरी वेळेवर मिळावी म्हणून लढलो, पाण्याच्या वाटपासाठी लढलो. बांध पुरा झाल्यावर त्याची निगा कोण राखणार, हे किती ठिकाणी विचारले? दुष्काळात हजेरीपट भरून घाईने केलेल्या भरावाची धुमस कशी झाली, गाभ्याची काळी माती कोठून आली, याच्या नोंदी आज किती कचेऱ्यांत सापडतील?

मालकीचा घोळ वेगळाच. शंभर हेक्टरांपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे, त्यापुढच्या जलसंधारण खात्याकडे, आणखी मोठ्या जलसंपदा खात्याकडे. एकाने बांधावे, दुसऱ्याकडे सोपवावे, तिसऱ्याकडे दुरुस्तीचा निधी मागावा, अशी अवस्था. गावकरी गळतीची तक्रार घेऊन गेला की त्याला पहिले उत्तर मिळते ते हे की, हा तलाव आमच्याकडे नाही. नव्या कामाचे भूमिपूजन होते, त्याला कंत्राटदार असतो, पुढारी असतो, कोनशिला असते. सांडव्यातील झुडपे काढण्याला यांपैकी काहीच नसते. चौकीदाराची जागा रिकामी झाली की ती भरली जात नाही. म्हणून दुरुस्तीचा पैसा हा नेहमी शेवटी उरणारा पैसा असतो, आणि शेवटी सहसा काही उरत नाही.

धरणाखाली कोण राहतो, हाही प्रश्न वर्गाचा आहे. गावातील चांगली, उंच जागा ज्यांची असते त्यांचीच असते. ओढ्याकाठी राहतात ते भूमिहीन, दलित वस्त्यांतील कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, हंगामात पाले टाकून राहणारे ऊसतोड कामगार. यांतील पुष्कळांची नावे त्या गावच्या मतदारयादीत नसतात. मोजणी यादी पाहून झाली तर ही माणसे धोक्याच्या हिशेबात येणारच नाहीत. शिवाय हानीचे मोजमाप रुपयांत करावयाचे म्हटले की झोपडीची किंमत बंगल्याहून कमी भरते, आणि गरिबांच्या डोक्यावरचे धरण कमी धोक्याचे ठरते. म्हणून आमचा आग्रह असा की, वर्गीकरणाचा पहिला निकष माणूस असावा, आणि एका माणसाच्या जिवाला धोका असला तरी धरण उच्च धोक्याच्या वर्गात जावे. मालमत्तेचा विचार त्यानंतर.

या वर्गीकरणाचा दुरुपयोगही होऊ शकतो, हे डोळ्यांआड करून चालणार नाही. धरण उच्च धोक्याचे ठरले की दुरुस्तीचा खर्च करण्याऐवजी खालची वस्ती ‘अतिक्रमण’ ठरवून उठविणे कोणत्याही कचेरीला सोपे वाटेल. तसे झाल्यास ज्यांच्या रक्षणासाठी हे वर्गीकरण, त्यांच्यावरच ते उलटेल. वस्ती आधीची असो वा नंतरची, तेथे माणसे राहतात ही वस्तुस्थिती आहे आणि धरण सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. एखादे कुटुंब हलविणे खरोखरच अपरिहार्य असेल, तर पर्यायी जागा व घर आधी, स्थलांतर नंतर, हा क्रम सुटता कामा नये.

एवढ्या लहान धरणांची तपासणी करावयास माणसे कोठून आणावयाची, पैसा कोठून आणावयाचा, असे अभियंते विचारतात. ही अडचण खोटी नाही. किंबहुना वर्गीकरण हवे आहे ते याच कारणासाठी. हजारो तलावांवर सारखेच थोडेथोडे लक्ष देण्याचा आव आणण्यापेक्षा, ज्यांच्याखाली माणसे आहेत ते आधी निवडावेत आणि तेथे खरे लक्ष द्यावे. प्रत्येक उपाय खर्चाचाही नसतो. संशयास्पद बांध दुरुस्त होईपर्यंत तलाव पूर्ण भरू न देणे, सांडवा मोकळा ठेवणे, पावसाळ्यात रात्रपाळीचा चौकीदार ठेवणे, यांना फार मोठे अंदाजपत्रक लागत नाही. वेळेवर माणसे हलविल्याने काय साधते, ते मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील कारम धरणावर ऑगस्ट २०२२ मध्ये दिसले. बांधकाम चालू असलेल्या त्या मातीच्या धरणाला गळती लागली. ते का लागली आणि बांधणी कशी झाली होती, हा प्रश्न गंभीरच आहे. पण अठरा गावे रिकामी करण्यात आली, बाजूने चर खोदून पाणी सोडून देण्यात आले, आणि जीवितहानी टळली. तिवऱ्याच्या वाट्याला ते काही तास आले नाहीत.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. उंचीची अट न लावता, ज्याच्याखाली वस्ती आहे असा प्रत्येक तलाव आणि धरण नोंदले जावे व धोक्यानुसार वर्गीकृत व्हावे. धरणाची प्रकृती आणि धोकावर्ग, दोन्ही ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहिले जावेत आणि ग्रामसभेपुढे वाचले जावेत. वस्त्या वाढतात, म्हणून वर्गीकरण ठराविक मुदतीने पुन्हा व्हावे आणि त्यात हंगामी मजुरांची पालेही मोजली जावीत. प्रत्येक उच्च धोक्याच्या धरणावर कायम चौकीदार, भोंगा आणि बाहेर पडण्याचा आखलेला रस्ता असावा. प्रत्येक बांधाचा एकच जबाबदार मालक ठरावा. आणि नुकसानभरपाई हा कायद्याने मिळणारा हक्क व्हावा.

मागण्यांची निवेदने देऊन आपले काम संपत नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी मृगाच्या आधी आपल्या भागातील बांधांवरून चालत जावे. बरोबर गावातला एखादा जुना माणूस घ्यावा, ज्याने तो बांध घालताना पाहिला असेल. माथ्यावर लांब चिरा किंवा खचलेला भाग आहे का, सांडव्यात झुडपे किंवा कोणी घातलेला बांध आहे का, उतारावर बिळे किंवा मोठी झाडे आहेत का, विमोचकाचा दरवाजा उघडतो-मिटतो का, हे पाहावे. पावसाळ्यात तलाव भरल्यावर पुन्हा जावे आणि पायथ्याशी झिरपणारे पाणी काचेच्या बाटलीत धरून पाहावे. ते गढूळ असेल तर तक्रारीची पोच मिळण्याची वाट न बघता त्याच दिवशी तहसीलदारांना गाठावे आणि खालच्या वस्तीला सावध करावे. या पाहणीने अभियंत्याचे काम होत नाही, पण अभियंत्याला बांधावर यावयास भाग पाडता येते. प्रत्येक तक्रार लेखी द्यावी, तारखेसह पोच घ्यावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुणे बुडाले, म्हणून पानशेतची आठवण साठ वर्षांनंतरही टिकली. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरणाचे मातीचे बांध वाहून गेले आणि मोरवी शहर उद्ध्वस्त झाले. हजारोंनी माणसे गेली. शहराच्या दुःखाला इतिहासात जागा मिळते. वाडीच्या दुःखाला वर्तमानपत्रात चार दिवस मिळतात. हे चार दिवस संपल्यावर जो बांधावर जाऊन उभा राहतो, त्याच्याच बोलण्याला भेंदवाडीसारख्या वाड्यांत किंमत राहील. पावसाळा दरवर्षी ठरल्या वेळी येतो. त्याच्या आधी आपण बांधावर पोहोचलो पाहिजे.